तिथी आणि भरती



पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत "आज दुपारी मोठी भरती" हे वाक्य येतंच. कोकण किनाऱ्यावर यासाठी एक सोपं गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. दिवसाही आणि रात्रीही.

हे सगळं घडवतो चंद्र. आपल्याकडच्या बाजूचं पाणी तो जास्त ओढतो, पलीकडचं कमी. म्हणून दोन्हीकडे फुगवटा आणि साधारण दिवसाला दोन भरत्या. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोनात, म्हणून भांग.

पण हे पाऊणकीचं गणित लंडनला चालत नाही. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली वेळही बदलते, उंचीही. कॅनडात फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं!

मुंबईत प्रश्न वेगळाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्याच दुपारी भरतीही होती. शहरातल्या बऱ्याच नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्रच चढलेला असेल तर पाणी जाणार कुठे?

तेव्हा पावसाळ्यात घरी फोन केलात, की पावसाबरोबर तिथीही विचारा. भिंतीवरच्या कालनिर्णयात असतेच.