वेल्डिंगच्या वर्गाचा खर्च कोण उचलतं?

इतिहास शिकवण्यापेक्षा वेल्डिंग शिकवणं महाग. फळा आणि खडू पुरत नाहीत. यंत्रं लागतात, वीज लागते आणि हात बसेपर्यंत वाया जाणारं लोखंड पुन्हापुन्हा आणावं लागतं. हा खर्च स्थानिक करातून भागवायचा ठरला, तर सधन वस्तीतल्या मुलाला नवं यंत्र मिळेल आणि गरीब वस्तीतल्याला जुनं. अमेरिकेत शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून तिथे हा प्रश्न सतत समोर येतो. सिंगापूरची व्यवस्था वेगळी आहे. ती टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे तिजोरी एकच. तिथे जिल्हावार शिक्षण मंडळं नाहीत. पैसा थेट शिक्षण मंत्रालयाकडून येतो. माध्यमिक शाळेनंतर हातचं कौशल्य शिकवणारी सरकारी संस्था म्हणजे 'इन्स्टिट्यूट ऑफ टेक्निकल एज्युकेशन', आपल्या आयटीआयची सख्खी बहीणच. ती १९९२ साली स्थापन झाली.

दुसरी गोष्ट कार्यशाळांची. विखुरलेली छोटी केंद्रं एकत्र करून तीन मोठी संकुलं उभारली गेली: सिमेईला २००५ मध्ये, चोआ चू कांगला २०१० मध्ये आणि आंग मो कियोला २०१३ मध्ये. विमान देखभालीसारख्या महागड्या अभ्यासक्रमाची सामग्री एका ठिकाणी ठेवली, की साऱ्या बेटावरची मुलं ती वापरू शकतात.

तिसरी गोष्ट अशी, की सारखं वाटप म्हणजे न्याय्य वाटप नव्हे. म्हणून शिष्यवृत्ती ठरवताना घरातलं दरडोई उत्पन्न पाहतात. २०२४ च्या अर्थसंकल्पात आणखी एक पाऊल पडलं. या संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या तिशीपर्यंतच्या नागरिकाने पदविकेला प्रवेश घेतला, की त्याच्या शिक्षण खात्यात ५,००० सिंगापूर डॉलर जमा होतात. पदविका पूर्ण केली, की भविष्य निर्वाह निधीत १०,०००.

चौथा वाटा मालकांचा. १९७९ पासून ते कौशल्य विकास शुल्क भरतात. आज ते प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मासिक पगाराच्या ०.२५ टक्के आहे. किमान २ डॉलर, कमाल ११.२५. म्हणजे २,००० डॉलर पगारामागे मालकाचे ५ डॉलर जातात. हा पैसा नोकरीत असलेल्यांच्या प्रशिक्षणासाठी असतो.

महाराष्ट्रातल्या सरकारी आयटीआयसुद्धा राज्याच्याच तिजोरीवर चालतात. मात्र आपल्याकडे अंतर आडवं येतं. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात एकोणीस सिंगापुरं मावतील. तीन संकुलांचा नमुना तिथे जसाच्या तसा बसणार नाही. भामरागडच्या मुलीसाठी लेथ मशीनइतकंच वसतिगृह आणि एसटीचा पास मोलाचा आहे. तो खर्च प्रशिक्षणाच्याच हिशेबात धरायला हवा. ती कार्यशाळेपर्यंत पोहोचलीच नाही, तर तिच्या नावाने घेतलेलं यंत्र तिच्या काय कामाचं?