बोमन कोहिनूर आणि ब्रिटानिया

‘ब्रिटानिया अँड कंपनी’ हे मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधले इराणी हॉटेल रशीद कोहिनूर यांनी १९२३ मध्ये सुरू केले. ते नावारूपाला आणले त्यांचे चिरंजीव बोमन कोहिनूर यांनी. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, म्हणजे १९३९ च्या सुमारास, ते वडिलांच्या हाताखाली आले आणि नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर घेत राहिले. २५ सप्टेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मुंबईचे बहुतेक इराणी हॉटेलवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द आणि केरमान भागांतून आले. त्यांत झरथुष्ट्री अधिक, पण मुसलमानही होते. गुजरातच्या किनाऱ्यावर हजारेक वर्षांपूर्वी उतरलेल्या पारशांचे ते धर्मबंधू असले, तरी बोलीने आणि राहणीने वेगळे. कोपऱ्यावरची जागा दुकानाला अशुभ म्हणून स्थानिक व्यापारी टाळत आणि ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे सांगितले जाते. गिरगाव, धोबीतलाव, दादर इथल्या मराठी माणसाच्या आठवणीतला इराणी तो हाच: संगमरवरी टेबल, काळ्या लाकडी खुर्च्या, बरण्यांतली बिस्किटे, ब्रून-मस्का आणि एका चहावर तासभर बसण्याची मुभा.

ब्रिटानिया या साच्यात पुरते बसत नाही. त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीचा भराव घालून पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड इस्टेटची सुमारे २२ एकर जमीन तयार केली आणि १९१४ ते १९१८ या काळात तिथे एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचेच. ही वस्ती कचेऱ्यांची. जहाज कंपन्या, कस्टम्स, वकील, विमावाले. दुपारी एक वाजता रस्ता भरतो, संध्याकाळी सामसूम. तेव्हा ब्रिटानियाचा धंदा पहिल्यापासून जेवणाचा, त्यातही दुपारच्या जेवणाचा राहिला. आरंभी गिऱ्हाईक मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांचे होते आणि जेवणही त्यांच्या जिभेला मानवेल असे बेताच्या तिखटाचे. हॉटेलाला असे ब्रिटिश नाव दिल्यामुळे परवाना लवकर मिळाला, असे बोमन सांगत असत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ही जागा ताब्यात घेतली. ती युद्धानंतर कुटुंबाला परत मिळाली.

आज ज्या पदार्थासाठी लोक मुद्दाम वाट वाकडी करून येतात, तो बेरी पुलाव मात्र पहिली जवळजवळ साठ वर्षे तिथे नव्हताच. बोमन यांच्या पत्नी बचन काही काळ इराणमध्ये राहिल्या होत्या. तिथला ‘झरेश्क पोलो’ त्यांनी मुंबईच्या जिभेला जुळवून घेतला आणि १९८२ मध्ये तो हॉटेलात आला. मूळ इराणी पदार्थ सौम्य: केशराचा भात, कोंबडी आणि वर झरेश्क ही आंबट लाल बेरी. ब्रिटानियात खाली मसाल्यात शिजलेले मटण किंवा चिकन, त्यावर केशरी भात, भातावर कुरकुरीत तळलेला कांदा, काजू आणि त्या लालभडक बेऱ्या. बेरी चवीला आधी आंबट, मग किंचित गोड. मसाल्याचा आणि तुपाचा जडपणा तीच कापते. ती वगळली तर उरतो तो चांगला पुलाव, एवढेच. हे फळ इराणच्या पूर्वेकडील खोरासान भागात पिकते. आपल्या आयुर्वेदातली दारुहळद त्याच्याच कुळातली. वाळवलेले झरेश्क तुपात टाकले की क्षणात फुगते आणि दुसऱ्या क्षणी करपते, म्हणून इराणी स्वयंपाकात ते अगदी शेवटी परततात.

बाकीची यादी पारशी घरातली आहे: साली बोटी, धनसाक, पात्रानी मच्छी, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. सोबत पालनजी या कंपनीचा रासबेरी सोडा, जो चवीपेक्षा रंगानेच अधिक ओळखला जातो.

पण केवळ पुलावावर माणसे पुन्हा पुन्हा येत नाहीत. बोमन टेबलाशी येत, कुठून आलात विचारत, काय घ्यावे ते सांगत, दोघांत एक पुलाव पुरेल असेही बजावत. गिऱ्हाईक परदेशी निघाले, विशेषतः इंग्रज, की राणी एलिझाबेथकडून आलेले पत्र बाहेर निघे. राजघराण्यावरचे त्यांचे हे प्रेम काहींना भाबडे वाटे, आणि होतेही ते भाबडे. मात्र भिंतीवर राणीच्या जोडीने झरथुष्ट्र आणि गांधीजीही होते, आणि त्यात विसंगती आहे असे मालकाला कधी वाटले नाही. एप्रिल २०१६ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले, तेव्हा त्यांना भेटण्याची बोमन यांची इच्छा समाजमाध्यमांतून सर्वदूर पोहोचली आणि ताजमहाल हॉटेलात भेट घडली. तेव्हा ते नव्वदीच्या पुढे होते.

एके काळी मुंबईत शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेले आता थोडकीच उरली आहेत. जागांचे भाव, भागीदारांतले वाद, उडप्यांची आणि नंतर फास्टफूडची स्पर्धा ही कारणे नेहमी सांगितली जातात. त्यांहून मोठे कारण घरातलेच आहे. शिकलेल्या मुलांना पहाटेपासून गल्ल्यावर बसायचे नसते, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. ब्रिटानियात हा धागा तुटला नाही. रशीद यांच्यानंतर बोमन आणि बोमन यांच्या हयातीतच त्यांची पुढची पिढी कामाला लागली होती. ऑर्डर घेण्याचे काम वडिलांकडे, स्वयंपाकघर आणि हिशेब मुलांकडे, अशी ही व्यवस्था अनेक वर्षे चालली. त्यामुळे त्यांच्या निधनानंतर हॉटेलाची घडी विस्कटली नाही.

२०२३ मध्ये ब्रिटानियाला शंभर वर्षे पूर्ण झाली. हॉटेल त्याच इमारतीत आणि कोहिनूर कुटुंबाकडेच आहे. तिथे जेवायला जायचे तर दुपारीच आणि कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी होण्याआधी जावे. एकच्या सुमारास रांग लागते.