पोळ्याचा गेरू

पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठविण्याची चाल जुनी आहे. गेरू अथवा काव म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडी झालेली माती होय. हा रंग उन्हाने विटत नाही व पाण्यात विरघळत नाही. शुद्ध गेरू जनावराने थोडाफार चाटला तरी विषबाधेचे भय नसते.

शेंदराचे तसे नाही. तो शिशापासून बनतो. शेंदूर लावलेली शिंगे अथवा अंग चाटल्यास शिसे पोटात जाते. जनावर दात खाते, आंधळे होते, प्रसंगी दगावते. नारिंगी, हाताला जड लागणारी पूड शेंदराची समजावी.

ग्रामसेवकांनी ही गोष्ट पोळ्यापूर्वीच शेतकरी बंधूंना समजावून द्यावी. बैलांस गेरूच लावावा. शेंदूर गोठ्यात ठेवू नये. वरील लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे.