चार लांब, दोन आखूड

लातूर जिल्ह्यातलं हरभऱ्याचं रान. बांधाकडेला मोहरीची ओळ फुलावर आली आहे. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम तिथे उकिडव्या बसल्यात, तळहातावर एक पिवळं फूल. सुईच्या टोकानं त्या पाकळी बाजूला करतात. भोवती सात-आठ विद्यार्थी आणि सगळ्यांत मिळून दोन भिंगं.

"आधी मोजा, मग नाव सांगा."

पाकळ्या चार, फुलीसारख्या. पुंकेसर सहा: चार लांब, दोन आखूड. एवढ्या एका खुणेवर लिनियसनं अठराव्या शतकात वनस्पतींचा अख्खा वर्ग उभा केला होता. मुळा, कोबी, फ्लॉवर, अळीव सगळे याच गोतातले.

शेतावर यायला निमित्त झालं ड्राबाचं. मोहरीच्याच कुळातली ही प्रजात, साडेतीनशेहून अधिक जातींची. हिमालयात ४००० मीटरच्याही वर, खडकाच्या फटीत, बोटभर उंचीची. पानांचा झुपका जमिनीला चिकटलेला, फुलं पिवळी किंवा पांढरी. जात ओळखायची तर पानावरची लव पाहावी लागते: कुठे साधी, कुठे दुभंगलेली, कुठे चांदणीसारखी. मराठवाड्यात ती उगवत नाही. वर्गात तिचं चित्र पाठ झालं होतं; मोहरीचं फूल मात्र यातल्या एकानंही कधी उघडलं नव्हतं. ही खरी खंत.

मॅडमनी पिशवीतून अळिवाचं रोप काढलं. बाळंतिणीच्या लाडवातलं तेच अळीव. त्याची शेंगही ड्राबासारखी आखूड, चपटी. पण नखानं उकलली की फरक कळतो. ड्राबाची शेंग आतल्या पडद्याला समांतर दबलेली असते, त्यामुळे पडदा शेंगेइतकाच रुंद. अळिवाची आडवी दबलेली. पडदा अरुंद, दोन्ही कप्प्यांत एकेक बी. कधीही न पाहिलेला ड्राबा मुलांना कळला तो इथे, या बांधावर.

कुणीतरी मोहरीचं पान चुरगाळलं आणि झणझणीत वास नाकात गेला. पान अखंड असताना तो नसतो. पेशी फुटून आतले दोन घटक एकमेकांत मिसळले, की तयार होतो.

नमुने वर्तमानपत्रात दाबून झाले. शेताच्या मालकीणबाई केव्हाच्या पाहत होत्या. "काय बघायलाव एवढं मोहरीत?"

मॅडमनी भिंग त्यांच्या हातात दिलं. बाईंनी डोळा बारीक केला, ओठांतल्या ओठांत मोजलं.

"दोन बारकी हायेत की!"

मोहरी अजून काही दिवस फुलावर राहील. शाळा-कॉलेजांनी मुलांना एकदा तरी बांधावर न्यावं. स्वस्तातलं भिंगही पुरतं.