डाकारला न जाणारी डाकार रॅली

जानेवारीत वालचंदनगरच्या रस्त्याला उभे राहिले की उसाच्या ट्रॉल्यांची रांग संपता संपत नाही. गळिताचा हंगाम भरात असतो. नेमक्या याच दिवसांत तिकडे सौदी अरेबियाच्या वाळवंटात डाकार रॅली चालू असते आणि तिचे तुकडे इथल्या टपरीवर मोबाईलमधून फिरत असतात. वाळूच्या डोंगरावरून झेपावणारी मोटरसायकल, मागे धुळीचा लोट, टाकीवर हिरो कंपनीचे नाव. ते बघून एक पोरगा मला म्हणाला, "काका, उजनी धरणाचं पाणी उतरलं की आपण पण तिथं असंच पळवू. त्यात काय, अ‍ॅक्सिलेटर पिळायचा नि सुटायचं."

बरीच वर्षे मी ही शर्यत मन लावून पाहत आलो आहे. पोराचे ते वाक्य मनात राहिले, कारण मोठी माणसेही वेगळे काही बोलत नाहीत. या शर्यतीबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते त्यातले निम्मे तरी चुकीचे असते.

नावाचा घोळ आधी मिटवू. डाकार हे सेनेगल देशाचे राजधानीचे शहर आणि शर्यत आता तिथे जात नाही. तिएरी साबीन हा फ्रेंच मोटरसायकलस्वार 1977 साली आबिजान ते नीस या शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. त्याने पुढे पॅरिस ते डाकार अशी शर्यत सुरू केली. पहिली तुकडी 26 डिसेंबर 1978 रोजी पॅरिसहून निघाली. निघाल्या 182 गाड्या, पोहोचल्या 74. साबीन 1986 च्या शर्यतीत हेलिकॉप्टर कोसळून गेला. 2008 ची शर्यत मॉरिटानियातल्या हिंसाचारामुळे सुटण्याआधीच रद्द करावी लागली. मग 2009 पासून ती दक्षिण अमेरिकेत भरली आणि 2020 पासून सौदी अरेबियात. नाव मात्र तेच राहिले.

"वाळूत काय, सरळच तर जायचं!"

वाळवंट म्हणजे नुसती वाळू नाही. दोन आठवड्यांत साडेसात-आठ हजार किलोमीटर अंतर तोडायचे असते आणि त्यात धारदार दगडांची पठारे असतात, कोरड्या नद्यांची पात्रे असतात, उंटांच्या वाटा असतात. टायर फाटतात ते दगडात. वाळूचा त्रास वेगळा. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची असते आणि पलीकडची एकदम उतरती. चढताना माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही. वेग जास्त झाला तर गाडी हवेतून जाऊन नाकावर आपटते. कमी झाला तर पोट माथ्यावर टेकते आणि चारी चाके अधांतरी फिरत राहतात. सकाळच्या गारव्यात घट्ट असलेली वाळू दुपारी भुसभुशीत होते. दुपारी ऊन डोक्यावर आले की सावल्या जातात आणि उंचसखल सगळे एकसारखे पांढरे दिसते. गाडीवाले वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी कमी रुतते. मऊ रानात ट्रॅक्टरला रुंद टायर का लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

"जीपीएस असतंच की, वाट दाखवायला."

हा गैरसमज सगळ्यात पक्का आहे आणि डाकारचा खरा जीव नेमका याच मुद्द्यात आहे. आपल्या फोनसारखा नकाशा तिथे कोणाकडेच नसतो, स्वतःचे जीपीएस वापरायला बंदी असते. आयोजकांनी दिलेले यंत्र वाट दाखवत नाही. ठरलेल्या ठिकाणाच्या पुरेसे जवळ गेल्यावरच ते उघडते आणि तुम्ही त्या ठिकाणाला स्पर्श केलात की नाही त्याची नोंद ठेवते. एखादे ठिकाण चुकले तर वेळेचा दंड बसतो.

वाट शोधायची ती रोडबुकवरून. रोडबुकात ओळीने छोटी चित्रे असतात. इतक्या किलोमीटरवर फाटा आहे, डावीकडे वळा, अमुक अंशाच्या दिशेला चाला, पुढे खड्डा आहे. धोक्यासाठी उद्गारचिन्हे असतात. एक म्हणजे जपून, तीन म्हणजे जिवाशी गाठ. पूर्वी हे रोडबुक आदल्या संध्याकाळी मिळत असे. बड्या संघांकडे त्यासाठी खास माणसे असायची, ती रात्रभर बसून उपग्रहाच्या चित्रांशी ते ताडून पाहायची. पैसेवाल्यांचा हा फायदा मोडण्यासाठी सौदीत शर्यत गेल्यावर रोडबुक सकाळी, सुटण्याच्या तोंडावर देण्याची पद्धत आली. माझ्या मते या शर्यतीत अलीकडच्या काळात झालेली ही सर्वांत न्याय्य सुधारणा आहे.

मोटरीत वाचायला शेजारी सहचालक असतो. मोटरसायकलवाल्याला ताशी शंभरच्या वेगात, हँडल सांभाळत, हेल्मेटमधून खाली नजर टाकून स्वतःच वाचावे लागते. त्यात पुढच्याच्या चाकोऱ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. पुढचा चुकला की मागचे दहा जण त्याच चुकीत जातात. सर्वांत पुढे जाणाऱ्याला कोरी वाळू वाचावी लागते आणि मागचे त्याचा माग काढत येतात. म्हणून काल जिंकलेला स्वार आज बहुधा वेळ गमावतो. अलीकडे वाट उघडणाऱ्या मोटरसायकलस्वारांना त्यासाठी वेळेची सवलतही मिळू लागली आहे.

"मोटरसायकलवाला एकटाच लढतो."

टीव्हीवर तसेच दिसते खरे. क्षितिजापर्यंत रिकामे वाळवंट आणि मधे एक ठिपका. पण तो ठिकाणावर पोहोचतो तो संघाच्या जोरावर.

दिवसाची शर्यत संपली की सगळे तळावर येतात. स्वार जेवून तंबूत झोपतो आणि मेकॅनिकांचा दिवस सुरू होतो. ते मोटरसायकल पूर्ण उघडतात, साफ करतात, पुन्हा जोडतात. पहाटे स्वार उठतो तेव्हा ती तयार उभी असते. एक टप्पा असा असतो की त्या रात्री मेकॅनिकला गाडीला हात लावता येत नाही. स्पर्धकांनी आपली गाडी आपणच, किंवा एकमेकांच्या मदतीने, दुरुस्त करायची. स्वार किती मेकॅनिक आहे ते त्या रात्री कळते.

शिवाय बड्या संघांत एक पाणक्या असतो, म्हणजे दुय्यम स्वार. तो जिंकण्यासाठी पळत नाही. मुख्य स्वाराच्या मागे राहायचे, वेळ पडली तर स्वतःचे चाक काढून द्यायचे आणि स्वतः थांबायचे, हे त्याचे काम. सिरील देप्रेसाठी पोर्तुगालच्या रूबेन फारियाने अनेक वर्षे हे केले. 2013 साली देप्रे पहिला आला आणि हाच पाणक्या दुसरा.

हिरो मोटोस्पोर्ट्सची गोष्ट मला यासाठी महत्त्वाची वाटते. हिरोने 2016 साली संघ उभा केला आणि 2017 मध्ये तो पहिल्यांदा डाकारला उतरला. बंगळुरूचा सी. एस. संतोष आणि पोर्तुगालचा ज्वाकिम रॉद्रिगेश हे त्याचे पहिले दोन स्वार. 2020 च्या शर्यतीत रॉद्रिगेशचा मेव्हणा पाउलो गोन्साल्वेसही या संघातून उतरला. तिसऱ्या टप्प्यात त्याचे इंजिन वाळवंटात फुटले. दुसरा कोणी असता तर हेलिकॉप्टर मागवून घरी गेला असता. तो मदतीचा ट्रक येईपर्यंत तासन्‌तास थांबला, तिथेच इंजिन बदलले आणि टप्पा पुरा केला. क्रमवारीत तो फार मागे पडला होता, जिंकण्याची आशा उरली नव्हती, तरी पुढचे दिवस तो निघत राहिला. 12 जानेवारीला, सातव्या टप्प्यात, तो पडला आणि गेला. आदल्या वर्षीचा विजेता टोबी प्राइस आपली शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबला. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलींचा टप्पा रद्द झाला आणि हिरोने त्या वर्षीच्या शर्यतीतून माघार घेतली.

त्याच संघाने 2022 मध्ये रॉद्रिगेशच्या हातून पहिला टप्पाविजय मिळवला. 2024 मध्ये बोत्स्वानाचा रॉस ब्रँच हिरोच्या मोटरसायकलवर दुसरा आला, 51 तासांच्या शर्यतीत पहिल्यापेक्षा सुमारे 11 मिनिटे मागे. भारतीय कंपनीची मोटरसायकल डाकारच्या पहिल्या तिघांत येण्याची ती पहिलीच वेळ. दोन्ही निकालांमध्ये मला 2020 मध्ये आपला स्वार गमावलेला तो संघ दिसतो.

प्राइस थांबला त्यावरून आणखी एक गैरसमज निघतो. जखमीसाठी थांबले की शर्यत गेली, असे लोकांना वाटते. तसे नाही. थांबण्यात गेलेला वेळ आयोजक संध्याकाळी परत देतात. थांबणे हा तिथला नियमच आहे, मोठेपणा मिरवण्याची ती बाब नाही.

"सगळ्यात जोरात जाईल तो जिंकतो."

मुख्य शर्यतीत हे अर्धे खरे. पण तिच्यासोबत 2021 पासून डाकार क्लासिक चालते, जुन्या काळातल्या गाड्यांची. तिथे नेमून दिलेली सरासरी गती तंतोतंत राखायची असते. लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. पुण्याचे संजय टकले 2025 साली याच शर्यतीत टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले, सोबत फ्रेंच सहचालक होता. त्याआधी आशिया क्रॉस कंट्री रॅलीत त्यांनी चिखल आणि जंगल पुष्कळ तुडवले होते.

मराठी नावांत दुसरे आशिष रावराणे. मर्चंट नेव्हीतले कप्तान. 2021 च्या डाकारला ते कोणत्याही कंपनीच्या संघाशिवाय, स्वतःच्या हिकमतीवर मोटरसायकल घेऊन गेले. शर्यत त्यांना अर्धवट सोडावी लागली. पण समुद्रावर दिशा आणि अंश यांवर जहाज चालवणारा माणूस वाळूच्या समुद्रात उतरला, यात मला मोठी संगती दिसते. ज्या वाचनावर जहाज चालते, त्याच वाचनावर रोडबुक चालते.

ही शर्यत वाळवंटातल्या माणसांचीच आहे, असे मानणाऱ्यांनी हरित नोआचे नाव लक्षात ठेवावे. केरळातल्या शोरणूरचा हा मुलगा, जिथे अंगणात पाणी तुंबते. 2024 मध्ये तो मोटरसायकलींच्या एकूण क्रमवारीत अकरावा आला आणि रॅली 2 हा गट जिंकला. डाकारमध्ये गट जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याआधी 2015 साली संतोष 36 वा आला होता आणि डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला होता. त्याच संतोषला 2021 मध्ये पडून डोक्याला जबर मार लागला, रुग्णालयात बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले आणि तो त्यातून उठून उभा राहिला.

पैशाबद्दल लोक जे बोलतात ते मात्र खरे आहे. खर्च प्रचंड असतो, आणि प्रायोजक नसेल तर सामान्य घरातला मुलगा तिथे पोहोचणे फार अवघड. ते झाकण्यात अर्थ नाही. पण डाकारच्या तळावर स्वारांपेक्षा मेकॅनिक, इंजिनिअर, डॉक्टर, ट्रकचालक कितीतरी जास्त असतात, आणि ही दारे आपल्या भागाला बंद नाहीत. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. त्यांच्या नावाच्या या गावात नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स आणि इस्रोच्या रॉकेटांची कवचे घडली. इथल्या फिटरच्या घरात वाढलेल्या मुलाला नट किती आवळायचा हे हाताला कळते. इंजिनिअरिंगला गेलेल्यांसाठी बाहा ही स्पर्धा भारतात 2007 पासून आहे. विद्यार्थ्यांचे संघ एका माणसाची, कच्च्या रस्त्यावर टिकणारी गाडी स्वतः बनवतात आणि शेवटी सलग चार तास तिला खाचखळग्यांतून पळवतात. वेल्डिंग सुटले की गाडी बसली. संघ म्हणजे काय ते शिकायला याहून जवळची जागा मला माहीत नाही.

आता त्या पोराच्या उजनीकडे येतो. लोकांना वाटते की डाकारचे स्वार मनाला येईल तसे पळवतात. खरे तर रोजच्या अंतरातला मोठा भाग साध्या रस्त्याचा असतो, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा. तिथे त्या देशाचे वाहतूक नियम लागू असतात. गावाजवळून जाताना शर्यतीच्या भागातही वेगमर्यादा असते, यंत्र प्रत्येक गाडीचा वेग नोंदवते आणि मर्यादा ओलांडली की दंड बसतो. ही कडक शिस्त सुखासुखी आलेली नाही. आफ्रिकेतल्या वर्षांत रस्त्याकडेला उभी असलेली गावातली माणसे आणि लहान मुले या शर्यतीखाली मेली आहेत.

म्हणून टपरीवरच्या पोरांना माझे सांगणे आहे. शर्यत लावायची असेल तर मोटरस्पोर्ट फेडरेशनचे लायसन काढा, मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरा, तोवर होकायंत्र घेऊन चालायला शिका आणि आपल्या गाडीचे इंजिन एकदा स्वतः उघडून पुन्हा जोडून पाहा. नीरा डावा कालव्याच्या भरावावर गाडी पळवू नका. आणि हंगाम चालू आहे, अंधारात कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, तेव्हा भवानीनगर ते वालचंदनगर रस्त्यावर रात्री गाडी सावकाश चालवा.