धावपट्टी समोर होती, तरीही

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. तेव्हापासून आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे: डोंगरमाथ्यावरच्या आखूड ‘टेबलटॉप’ धावपट्टीनं घात केला.

हवाई दलाचे माजी उपप्रमुख, एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं याची चौकशी केली. तिच्या अहवालातून वेगळंच चित्र पुढे येतं. पाऊस नव्हता, वारा शांत होता, सहा किलोमीटरपर्यंतचं दिसत होतं. धावपट्टी ८,००० फूट लांब, म्हणजे बोइंग ७३७ साठी पुरेशी. पण तिच्या सुरुवातीला विमान ५० फुटांवर असायला हवं होतं, ते होतं २०० फुटांच्या आसपास, आणि वेगही जास्त. चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फूट धावपट्टी मागे टाकून. समितीच्या मते त्यानंतरही पूर्ण ताकदीनं ब्रेक लावले असते, तर पुढच्या सुरक्षा-पट्ट्यात विमान थांबू शकलं असतं. कॅप्टननं ब्रेक लावले आणि काही सेकंदांतच विमान पुन्हा उडवायचा प्रयत्न केला. दरीमुळे जीवितहानी वाढली हे खरं, पण चूक त्याआधीच होऊन गेली होती.

“म्हणजे वैमानिक कच्चा असणार.” तसंही नव्हतं. कॅप्टनच्या गाठीशी १०,००० तासांहून अधिक उड्डाण होतं आणि मंगळूर त्यांना नवं नव्हतं. मात्र कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात शेवटची दोन तास पाच मिनिटं उतरली आहेत, त्यातला साधारण एक तास चाळीस मिनिटांचा काळ ते झोपेत होते. जाग आल्यावरही डोकं काही वेळ जड राहतं, निर्णयांना उशीर होतो. त्यात मंगळूरचं रडार दोन दिवस बंद, त्यामुळे खाली यायची परवानगी उशिरा मिळाली. विमान फार उंच राहिलं आणि ती उंची झटपट कमी करण्याची धडपड सुरू झाली.

परिस्थितीचं भान सुटणं म्हणतात ते हेच. मनात एक विमान उडत असतं आणि प्रत्यक्षात दुसरंच. मनातलं विमान ठीक उतरत असतं, म्हणून काट्यांवरचे आकडे दिसूनही नोंदले जात नाहीत. याला झोपच लागते असंही नाही. डिसेंबर १९७२ मध्ये मायामीला उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सच्या कॉकपिटमधले सगळे पुढच्या चाकाच्या न लागलेल्या दिव्यामागे लागले. विमान हळूहळू खाली चाललंय हे वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. १०१ माणसं दगावली, एका छोट्या बल्बपायी. कधी मनातली धावपट्टी एक आणि समोरची दुसरी असते: त्याच वर्षी मुंबईत सांताक्रूझला उतरायचं जपान एअरलाइन्सचं विमान चुकून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं होतं.

“हल्ली काय, सगळं कॉम्प्युटरच करतो!” फेब्रुवारी १९९० मध्ये मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० बंगळूरच्या धावपट्टीआधीच गोल्फच्या मैदानावर आदळलं, ९२ बळी. दिवसाची वेळ, आणि दोन्ही आसनांवर कॅप्टन. विमानाचा कॉम्प्युटर ज्या स्थितीत लावला गेला होता, तीत इंजिनं सर्वांत कमी ताकदीवर चालतात. वेग सांभाळला जातोय असं धरून चाललेल्या दोघांना तो घसरल्याचं उशिरा कळलं. यंत्र सांगितलेलं काम करतं. काय सांगितलंय हे माणसानं ध्यानात ठेवायचं असतं.

“वैमानिकाची चूक ठरली की चौकशी संपली” हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. मंगळूरला सहवैमानिकानं तीनदा ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं: उतरू नका, पुन्हा वर चला. तरी त्यानं नियंत्रण स्वतःकडे घेतलं नाही. सहवैमानिकानं ते कधी घ्यायचं याबद्दलच्या सूचनाच संदिग्ध होत्या, हेही समितीनं नोंदवलंय. ही एकट्या माणसाची चूक कशी म्हणायची? ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडला पुन्हा तेच: पाऊस, पाठीमागून वारा, जवळपास निम्मी धावपट्टी संपल्यावर टेकलेली चाकं, आणि सहवैमानिकाची न ऐकली गेलेली ‘गो-अराउंड’ची हाक. २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह. वरिष्ठाला ठामपणे अडवणं आपल्या हाडात नाही, म्हणून ते शिकवावं लागतं. १९७९ पासून जगभर कॉकपिटमधल्या सहकार्याचं जे प्रशिक्षण उभं राहिलं, ते याचसाठी.

उरली प्रवाशांची समजूत: विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं म्हणजे वैमानिक चुकला. उलट आहे. वेग, उंची, दिशा ठरलेल्या उंचीपर्यंत जमून आली नाही, तर उतरायचं नाही, असा नियमच आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार असं न जमलेलं उतरणं शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा तसंच रेटलं जातं. बहुतेकदा निभावतं, म्हणून सवय पडते. जबाबदार कंपन्या गो-अराउंडबद्दल वैमानिकाला जाब विचारत नाहीत. तुमचं विमान कधी असं वर गेलं, तर अर्धा तास उशीर झाला म्हणून कर्मचाऱ्यांवर आवाज चढवू नका.