स्वस्त विजेचे तास

विजेचे बिल घरात आले म्हणजे त्याचे वाचन बहुधा एकाच आकड्यापुरते होते. किती भरावयाचे एवढे पाहिले की तो कागद खुंटीला अडकतो, आणि पुढील बिल येईपर्यंत त्याची कोणास आठवण राहत नाही. आता मात्र हा कागद थोडा सावकाश वाचण्याचा काळ आला आहे. वीज किती वापरली एवढ्यावरच नव्हे, तर ती केव्हा वापरली यावरही तिचे मोल ठरू लागले आहे, आणि ही गोष्ट मोठमोठ्या कारखान्यांपुरती न राहता आमच्या वणीसारख्या गावातील माजघरापर्यंत येऊन पोहोचली आहे.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या नियमांत दुरुस्ती करून, शेतीखेरीज इतर सर्व ग्राहकांस वेळेप्रमाणे निरनिराळे दर १ एप्रिल २०२५ पर्यंत लागू करावेत, असे ठरविले. त्यास अनुसरून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशाने १ जुलै २०२५ पासून महावितरणाच्या घरगुती ग्राहकांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या आठ तासांतील वापरावर प्रत्येक युनिटामागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. ती मिळण्यास घरी नव्या पद्धतीचे, म्हणजे वेळेगणिक नोंद ठेवणारे, टीओडी मीटर असावे लागते. जुन्या मीटरास युनिटे मोजता येतात, पण ती सकाळची की रात्रीची हे त्यास कळत नाही. घरी कोणते मीटर आहे याचा उलगडा न करताच पुष्कळ मंडळी दुपारी पंप चालवून सवलतीची वाट पाहतात, हे आम्ही गावात पाहिले आहे.

ज्यांचे नातलग कारखान्यांत नोकरीस होते त्यांस या तासांचे आश्चर्य वाटेल. त्यांच्या स्मरणात स्वस्त वीज म्हणजे रात्रीची वीज. महाराष्ट्रात उद्योगांस वर्षानुवर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत मिळे आणि सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत अधिक आकार पडे. त्याचे कारण असे की, आपली बहुतेक वीज कोळशावर होते. नाशिकजवळ एकलहरे येथे जसे औष्णिक केंद्र आहे, तशा केंद्राची भट्टी चुलीसारखी रात्री विझवून सकाळी पेटविता येत नाही. जग झोपले तरी ती धगधगत राहणार, आणि तिच्यातून निघणाऱ्या विजेस गिऱ्हाईक हवे, म्हणून रात्रीचा भाव उतरे. आता माळरानांवर सूर्याच्या प्रकाशापासून वीज करणारी केंद्रे उभी राहिली. दुपारी विजेची आवक वाढली आणि मावळतीबरोबर ती एकाएकी आटू लागली. साहजिकच भर बाजाराच्या वेळी भाजी उतरावी तसा भाव दिवसा उतरला, आणि २०२५ च्या दरपत्रकात उद्योगांचीही रात्रीची सवलत जाऊन ती दिवसाकडे आली. फ्रान्समध्येही रात्रीचे काही स्वस्त तास दुपारकडे नेण्यास नोव्हेंबर २०२५ पासून आरंभ झाला आहे.

येथे पंचांग पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडे विषयांतर करतो. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या अवधीचा मध्य १ वाजता येतो, बारा वाजता नव्हे. हे वरकरणी विचित्र दिसते. परंतु आपले घड्याळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरचे, आणि वणी सुमारे ७४ अंशांवर. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने आमच्याकडे सूर्य डोक्यावर येण्यास सरासरी साडेबारा वाजून वर चार मिनिटे होतात. ऋतूप्रमाणे त्यात पंधरा-सोळा मिनिटांचा फरक पडतो. तेव्हा आयोगाचे आठ तास म्हणजे खऱ्या मध्याह्नाच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या सुमारे वीस घटिका होत. ज्या वेळात गच्चीवर कुरडया वाळतात, तीच स्वस्त विजेची वेळ, एवढे घरातील वडीलधाऱ्या बायकांस सांगितले तर त्यांस घड्याळ पाहण्याचीही गरज उरत नाही.

आपल्याला दिवसाचे तास छापील तरी मिळाले. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांची अडचण निराळी आहे. तेथे १९७८ साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची योजना निघाली, व तीत रात्रीचे सात तास स्वस्त ठरले. पण ते सात तास सर्वत्र एकच नाहीत. प्रांताप्रमाणे आणि मीटराप्रमाणे ते बदलतात. पुष्कळ घरांत तर मीटरचा काटा रेडिओच्या लांब लहरींवरून येणाऱ्या अदृश्य संदेशाने पालटत असे. त्यात उन्हाळ्यात तेथील सारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि कित्येक मीटरे मात्र हिवाळ्याच्याच वेळेस चिकटून राहतात. म्हणून तेथील मनुष्यास आपले स्वस्त तास अक्षरशः शोधावे लागतात. शोधण्याची रीत सोपी आहे. अंदाजाच्या वेळेआधी मीटरवरील दोन्ही आकडे टिपावयाचे, पाण्याची किटली लावावयाची, आणि कोणता आकडा पुढे सरकला ते पाहावयाचे.

हीच रीत आपल्याकडेही चालते, आणि घरातील शाळकरी मुलांस ती करावयास दिली तर त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एक धडा तरी जिवंत होईल. टीओडी मीटरच्या पडद्यावर आकडे एकामागून एक फिरत असतात. त्यांत तारीख व वेळ येते, एकूण युनिटे येतात, आणि बहुतेक मीटरांवर निरनिराळ्या कालखंडांची युनिटे स्वतंत्रपणे येतात. पावणेनऊ वाजता ती सारी वहीत उतरून घ्यावी. नऊ वाजून गेल्यावर अर्धा तास इस्त्री किंवा पंप चालवावा आणि पुन्हा उतरून घ्यावी. जो आकडा वाढला तो दिवसाच्या कालखंडाचा. मीटरमधील घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळते की नाही, हेही त्याच वेळी कळते. ज्यांच्या हाती मोबाइल आहे त्यांस महावितरणाच्या अॅपवरही आपला वापर पाहता येतो, आणि बिलात सवलतीची रक्कम निराळी दाखविलेली असते. तथापि वहीतील नोंदीचा आम्हांस अधिक भरवसा वाटतो. मुलांच्या हातची असली तर विशेषच.

आता खरा प्रश्न असा की, या आठ तासांत कोणती कामे न्यावीत? वीज घरात साठवून ठेवता येत नाही. परंतु तिने केलेले काम कित्येकदा साठविता येते. याचे उत्तम उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगास घाटघर येथे २५० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. तेथे वर एक धरण आणि कोकणच्या बाजूस खाली दुसरे. विजेस मागणी कमी असेल तेव्हा खालचे पाणी यंत्राने वर चढवितात, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. आपल्या गच्चीवरील टाकी ही घाटघरच्या वरच्या धरणाची धाकटी बहीण आहे. दुपारी भरली तरी दुसऱ्या सकाळी तिचेच पाणी नळास येते. म्हणून पंपाचे काम पहिले. दळलेले पीठ साठते, म्हणून घरघंटीचे काम दुसरे. धुतलेले कपडे व इस्त्रीच्या घड्या साठतात. परंतु दिव्याचा उजेड साठत नाही आणि पंख्याचा वाराही साठत नाही. त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

स्नानाच्या पाण्याचा हिशेब मात्र नीट करावयास हवा, कारण तेथेच मोह अधिक आणि फसगतही अधिक. वीस लिटरांची एक बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर नेण्यास सुमारे अर्धे युनिट लागते. दहा माणसांच्या घरात महिन्यास सुमारे १४० युनिटे नुसती स्नानास जातात. स्नाने तर पूजेपूर्वी, म्हणजे नऊच्या आत. मग दुपारी गिझर तापवून ते पाणी पहाटेपर्यंत ठेवावे, असे कोणी सुचवितो. पंचवीस लिटरांची टाकी ४० अंशांनी तापविण्यास सव्वा युनिटाच्या आत वीज लागते; म्हणजे सवलत मिळणार एक रुपयाच्या आतबाहेर. रात्रीतून तिच्यातील उष्णतेचा दहावा हिस्सा जरी निघून गेला, तरी तो भरून काढण्यास त्याहून अधिक पैसे पडतात. गिझर दुपारी तापवून ठेवण्यात राम नाही.

याचे कारण टप्प्यांत आहे, आणि बिलातील ही ओळ कोणी वाचत नाही. पहिल्या १०० युनिटांचा दर निराळा, १०१ ते ३०० चा निराळा, त्यापुढचा आणखी चढा. २०२५ च्या दरपत्रकात दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे, आणि वहन आकार धरून तो दहा रुपयांच्या वर जातो. एक युनिट दुपारी सरकविले तर ८० पैसे वाचतात. तेच युनिट मुळीच जाळले नाही तर दहा रुपयांहून अधिक. ज्यांच्या गच्चीवर ऊन पडते त्यांनी स्नानासाठी सूर्यावर पाणी तापविणारी नळ्यांची टाकी बसविली, तर महिन्याची शंभरावर युनिटे बिलातूनच उतरतात. तेथे तासांचा विचारच उरत नाही. दहा माणसांचे एकत्र घर एका मीटरवर चालते तेव्हा वरच्या टप्प्याचा भार त्याच्यावर पडतो, ही या दरपत्रकातील आम्हांस न रुचणारी गोष्ट आहे. दोन चुली केल्या तर दोन मीटरे मिळून दोन पहिले टप्पे पदरात पडतात! वाटण्या होण्यास आजवर कारणे काही थोडी नव्हती.

आता बाकीच्या कामांची बेरीज करू. एक अश्वशक्तीचा पंप तासास सुमारे एक युनिट घेतो. रोज तासभर धरला तर महिन्यास ३० युनिटे. घरघंटीची ८, कपडे धुण्याच्या यंत्राची गार पाण्याने १०, इस्त्रीची ४. शीतकपाट तर अहोरात्र चालते, म्हणून त्याच्या वापराचा तिसरा हिस्सा काहीही न करता स्वस्त तासांत येतो. रोज एक युनिट धरल्यास तीही १०. एकूण ६२ युनिटे, म्हणजे महिन्यास सुमारे पन्नास रुपये. वर्षाचे सहाशे. टाकून देण्यासारखे नाहीत, आणि त्यांच्यासाठी घराची घडी विसकटावी इतकेही नाहीत.

हे आम्ही मुद्दाम लिहितो. आज कित्येक घरांतील सुना शाळेत, बँकेत किंवा नाशिकच्या कचेऱ्यांत नोकरीस जातात. सकाळी साडेआठला घर सोडावयाचे आणि सायंकाळी सहाला परतावयाचे, अशा स्त्रीला स्वस्त तासांपैकी रविवारखेरीज एकही सापडत नाही. ती रात्री नऊला कपड्यांचे यंत्र लावते ते हौसेने नव्हे. अशा वेळी सासूबाईंनी किंवा मामंजींनी दराचा कागद पुढे करून तिला बोल लावावा, ही गोष्ट शोभणारी नाही. दिवसा घरी कोण असते? आम्ही निवृत्त मंडळी. पंपाचे बटन दाबणे, धान्य निवडून घरघंटीत ओतणे, यंत्रातील कपडे काढून उन्हात घालणे, यांतील एकही काम साठीच्या पुरुषाच्या आवाक्याबाहेरचे नाही. आमच्या घरी ही कामे आम्ही आपल्याकडे घेतली तेव्हा प्रथम धाकट्या सूनबाईंस संकोच वाटला. पुढे त्या केवळ कोणते कपडे रंग सोडतात ते सांगून जाऊ लागल्या. स्वस्त तास ज्याच्या हाती, त्याने ती कामे करावीत. ज्याच्या हाती नाहीत त्याला त्यांचा जाब विचारू नये.

घड्याळ पाहून विजेची कामे करणे वणीच्या बायकांस नवे नाही. २००५ च्या सुमारास भारनियमन इतके कडक होते की, त्याचे वेळापत्रक दिनदर्शिकेशेजारी चिकटविलेले असे, आणि वीज मध्यरात्री येणार असेल तर मिक्सरवरचे वाटणही मध्यरात्री होई. शिवारातील शेतकऱ्याने तर रात्रीच्या पाळीची वीज याहून कितीतरी अधिक सोसली आहे. काळोखात बिबट्याच्या भयाने कंदील घेऊन पाणी भरावयास जावे लागे, ते अद्याप सर्वत्र संपलेले नाही. त्यास दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना चालू आहे. घरास स्वस्त तास मिळाले तेही त्याच सूर्यामुळे.

एक सावधगिरी सांगावयाची राहिली. नऊचे ठोके पडताच पंप, इस्त्री आणि घरघंटी एकदम सुरू करू नयेत. जुन्या वाड्यांतील तारा त्या काळच्या दोन-चार दिव्यांच्या बेताने ओढलेल्या असतात. त्यांस एवढा भार पेलत नाही. आठ तास पुष्कळ आहेत. पंप दहाला, घरघंटी जेवणानंतर, इस्त्री तीनला, असे क्रमाने घ्यावे. शिवाय दरपत्रके कायमची नसतात. आयोगाचे आदेश बदलतात, सवलतीचा आकडाही बदलतो. म्हणून एप्रिल महिन्याचे बिल आले की मागील बिलाशेजारी ठेवून सवलतीची आणि टप्प्यांची ओळ ताडून पाहावी, व जे पालटले असेल ते मीटरच्या वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावे.